सीमाभागावर चर्चा घेणाऱ्या संपादकांना आणि सूत्रसंचालकांना खुले पत्र

प्रति,
मराठी वृत्तवाहिन्यांचे संपादक, चर्चेच्या कार्यक्रमांचे सूत्रसंचालक आणि पाहुण्यांची जुळवाजुळव करणारे त्यांचे सहकारी,
मुंबई व पुणे

सप्रेम नमस्कार,

बेळगाव, खानापूर, निपाणी या कर्नाटकात असलेल्या, पण महाराष्ट्र ज्यावर हक्क सांगतो त्या पट्ट्यात मराठी वृत्तवाहिन्या किती मनापासून पाहिल्या जातात, याची आपल्याला कल्पना असेलच. आमच्याकडे सरकारी कागद कन्नडमधून येतो, दुकानावरची पाटी कायद्याने साठ टक्के कन्नड असावी लागते, आणि अशा वेळी दिवसभराचे काम आटोपून घरी आल्यावर आपल्या भाषेतून जगाची खबर सांगणारा आवाज कानावर पडतो, त्याचे मोल आम्ही जाणतो. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते परक्याने काढलेल्या खोड्या म्हणून वाचू नये. मी आपला जुना प्रेक्षक आहे, आणि इथल्या व्याख्यानमालेत पाहुण्यांच्या प्रकट मुलाखती घेण्याचे काम हौसेने करत आलो आहे, म्हणून मुलाखत आणि परिसंवाद या कामातल्या अडचणी मला थोड्याफार ठाऊक आहेत. सीमाभागावरच्या आपल्या चर्चा ज्या पद्धतीने बसवल्या जातात, त्या पद्धतीविषयी मला बोलायचे आहे. आपली बाजू कोणती असावी, हा या पत्राचा विषय नाही.

आपल्या वर्षात सीमाभागाचे दिवस ठरलेले आहेत. १७ जानेवारीला १९५६ च्या गोळीबारातील हुतात्म्यांना अभिवादन, १ जूनला १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील हुतात्म्यांना अभिवादन, १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनी, मराठी भाषिकांचा काळा दिन आणि डिसेंबरच्या सुमारास सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरले की त्याला उत्तर म्हणून जाहीर होणारा व परवानगीवाचून अडणारा मराठी भाषिकांचा महामेळावा, या चार मुहूर्तांवर थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅन कोल्हापूरकडून इकडे वळते किंवा निदान स्टुडिओत चौकटी मांडल्या जातात. अधेमध्ये कुठे बसला काळे फासले गेले, कुठे फलक काढला गेला, तर आणखी एखादा दिवस मिळतो. मग संध्याकाळी तासाभराची चर्चा होते, तिच्यात महाराष्ट्रातील तीन-चार पक्षांचे प्रवक्ते असतात, कर्नाटकातील एखाद्या संघटनेचा नेता फोनवर असतो, एक ज्येष्ठ पत्रकार असतो, एक विधिज्ञ असतो, आणि बेळगावचा म्हणून एकजण असतो, ज्याच्याकडे सूत्रसंचालक शेवटच्या ब्रेकआधी वळतात आणि म्हणतात, अगदी थोडक्यात सांगा.

थोडक्यात का सांगावे लागते, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. केबल दूरचित्रवाणीच्या नियमांनुसार तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिरातींना मुभा आहे. ती पूर्ण वापरली, तर हाती ४८ मिनिटे उरतात. प्रास्ताविक आणि सुरुवातीची चित्रफीत यांत पाच मिनिटे जातात, सूत्रसंचालकाचे प्रश्न, मध्यस्थी आणि ब्रेकआधीची वाक्ये यांत किमान आठ. राहिलेली ३५ मिनिटे आठ पाहुण्यांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेचार मिनिटेही येत नाहीत, आणि तीही सलग मिळत नाहीत, तर दुसऱ्याच्या आवाजावर आवाज चढवून पाच-सहा तुकड्यांत हिसकावून घ्यावी लागतात. अशा वाटपात ज्याला आवाज चढवण्याची सवय आहे तोच टिकतो. जो विचार करून, अडखळत, आधी पार्श्वभूमी सांगून मग मुद्द्यावर येतो, तो पहिल्या फेरीतच बाद होतो, आणि दुर्दैवाने ज्यांना या प्रश्नाची खरी माहिती आहे ती माणसे बहुधा याच दुसऱ्या प्रकारची असतात. तीनच पाहुणे बोलावले असते, तर तोच वेळ प्रत्येकी अकरा-बारा मिनिटे भरला असता. एवढ्या वेळात माणूस एक विधान करू शकतो, त्यावर हरकत ऐकू शकतो, तिला उत्तर देऊ शकतो आणि गरज पडली तर आपले म्हणणे दुरुस्तही करू शकतो.

पाहुणे निवडण्याची रीत हा याच दुखण्याचा दुसरा भाग आहे. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली आणि दोन्ही राज्ये तापली, त्या दिवसांत एका वाहिनीकडून मला फोन आला होता. फोन करणारा मुलगा नम्र होता, कामाच्या घाईत होता. त्याने माझी माहिती विचारली नाही, मी काय वाचले आहे किंवा या प्रश्नातले मला नेमके काय ठाऊक आहे हे विचारले नाही. त्याचा पहिलाच प्रश्न होता, सर, आपण आक्रमक बोलता का? मी म्हटले, मुद्द्याला धरून बोलतो. त्यावर त्याने आभार मानले आणि, आक्रमक बोलणारे दुसरे कुणी असेल तर नंबर द्या, असे सांगितले. मला त्या मुलाचा राग आला नाही, कारण त्याला वरून जे सांगितले गेले असेल तेच तो शोधत होता. परंतु चर्चेचा निकाल कार्यक्रमाआधी चार तास, त्या फोनवरच लागलेला असतो, हे मला त्या दिवशी कळले.

आता सूत्रसंचालकाच्या मुख्य कामाकडे, म्हणजे प्रश्नाकडे, येतो, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. सीमाप्रश्नावरच्या चर्चेत कर्नाटकातील पाहुणा हमखास म्हणतो की या वादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल अंतिम आहे. आपला सूत्रसंचालक लगेच महाराष्ट्रातील प्रवक्त्याकडे वळून प्रतिक्रिया मागतो, प्रवक्ता अहवाल फेटाळतो आणि घोषणा सुरू होतात. वास्तविक त्या क्षणी पाहुण्याला तिथेच थांबवून विचारायला हवे की, १९६७ च्या त्या अहवालाने बेळगाव शहर कर्नाटकात ठेवले हे खरे, पण त्याच अहवालाने निपाणी, खानापूर, नंदगड या भागांसह २६४ गावे महाराष्ट्राला देण्याची शिफारसही केली होती. अहवाल अंतिम मानायचा तर ही गावे द्यायला आपण तयार आहात का? हा प्रश्न शांत आवाजात विचारता येतो. त्याला उत्तर हो असले तरी बातमी आहे आणि नाही असले तरी बातमी आहे.

निःपक्षपातीपणासाठी तितकाच अवघड प्रश्न महाराष्ट्राच्या प्रवक्त्यालाही विचारला गेला पाहिजे. सेनापती बापटांच्या १९६६ च्या उपोषणानंतर आणि महाराष्ट्राच्याच आग्रहामुळे हा आयोग नेमला गेला. मग निकाल मनासारखा न लागल्यावर तो नाकारणे कितपत योग्य, असे विचारले तर तयारीचा पाहुणा गडबडत नाही. तो सांगेल की खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही तत्त्वे आंध्र आणि मद्रास यांच्या सीमावादात पाटसकरांनी लावली होती, महाराष्ट्राने तीच इथे मागितली, आणि आयोगाने ती सर्वत्र सारखी लावली नाहीत असा महाराष्ट्राचा आक्षेप आहे. त्याच अहवालाने दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटकडील भागांसह २४७ गावे कर्नाटकाला देण्याची शिफारस केली होती, हेही या निमित्ताने प्रेक्षकाला कळेल. इतक्या वर्षांच्या चर्चांनंतरही आपल्या प्रेक्षकांपैकी बहुतेकांना हे दोन आकडे माहीत नसावेत, याची खंत आपल्याला वाटायला हवी.

असे प्रश्न सुचायला अलौकिक बुद्धी लागत नाही, एक दिवसाचा अभ्यास लागतो. महाराष्ट्राने २००४ मध्ये राज्यघटनेच्या अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि तो ऐकण्याचा अधिकारच न्यायालयाला नाही असा कर्नाटकाचा पवित्रा आहे, एवढे माहीत असलेला सूत्रसंचालक कोणत्याही पक्षाच्या प्रवक्त्याला विचारू शकतो की आपण सत्तेत होता त्या वर्षांत या दाव्याची सुनावणी पुढे सरकावी म्हणून नेमके काय केलेत. १४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवून प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती करण्याचे ठरवले. ती किती वेळा बसली, कुठे बसली आणि काय बोलली? त्याच महिन्याच्या २७ तारखेला महाराष्ट्र विधिमंडळाने सीमाभागातील ८६५ गावे महाराष्ट्रात आणण्याचा ठराव एकमताने केला आणि पुढच्या वर्षी महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ या गावांना देण्याचे जाहीर झाले. त्यातून प्रत्यक्ष किती रुग्णांचे उपचार झाले, आणि ज्यांचे झाले नाहीत त्यांचे कागद कुठे अडले? प्रवक्त्याला आकडा माहीत नसेल तर त्याने तसे सांगावे आणि आपण पुढच्या आठवड्यात त्याला पुन्हा बोलावून तोच प्रश्न विचारावा. पाठपुराव्याचा हा दुसरा प्रश्न आपल्या पडद्यावरून जवळपास नाहीसा झाला आहे.

मुलाखतीची तयारी म्हणजे काय, याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. १९७७ मध्ये डेव्हिड फ्रॉस्ट यांनी माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या मुलाखतींचे सुमारे २८ तासांचे चित्रीकरण केले, त्याआधी त्यांच्या संशोधक सहकाऱ्यांनी महिनोन्‌महिने कागदपत्रे चाळली होती, आणि निक्सन यांना अनपेक्षित असलेली संभाषणांची नोंद ऐन वेळी समोर ठेवता आली ती त्या चाळणीमुळे. २८ तास आपल्याला परवडणार नाहीत, हे मी जाणतो. परंतु संशोधनासाठी एक माणूस आणि तीन दिवस हे कोणत्याही वाहिनीला परवडावेत. आमच्या छोट्या व्याख्यानमालेतसुद्धा पाहुण्याशी आधी निवांत बसून बोलल्याशिवाय आणि त्याचे जुने लेखन-भाषण वाचल्याशिवाय आम्ही मंचावर जात नाही. तिथे शिकलेल्या साध्या गोष्टी अशा, की एका वेळी एकच प्रश्न विचारावा, प्रश्न उत्तराहून लहान असावा, त्यात आपले मत कोंबू नये, आणि पाहुणा थांबला म्हणून लगेच पुढचा प्रश्न टाकू नये, कारण बरेचदा तो थांबतो तेव्हाच त्याला खरे सांगायचे असलेले आठवत असते. दूरचित्रवाणीवर दोन सेकंदांची शांतता पडली की सूत्रसंचालकाच्या कानातल्या इअरपीसमधून, पुढे चला, असे सांगितले जाते, असे ऐकून आहे. नियंत्रण कक्षातल्या सहकाऱ्यांनी ती शांतता सहन करायला शिकावे, ही माझी त्यांना स्वतंत्र विनंती आहे.

विषयांबद्दलही बोलले पाहिजे, कारण सीमाभाग म्हणजे केवळ सीमाप्रश्न, अशी आपली समजूत झालेली दिसते. म्हादईच्या पाण्यावर आपण अनेकदा चर्चा घेतल्या. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले, तेव्हा पणजी काय म्हणते आणि बंगळुरू काय म्हणते हे आम्ही रात्रभर ऐकले. पण म्हादईचे पाणी वळवण्यासाठी कळसा नाल्याचे काम जिथे झाले ते कणकुंबी खानापूर तालुक्यात आहे, तिथली वस्ती मराठी बोलणारी आहे, आणि कालव्याच्या खोदकामाने आपल्या गावच्या झऱ्यांचे आणि शेताचे काय झाले हे ती माणसे आपल्या प्रेक्षकांना त्यांच्याच भाषेत, भाषांतराशिवाय, सांगू शकतात. त्यांना कुणी विचारले नाही. त्याच तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या आत आमगाव, गवाळी, कोंगळा अशी गावे आहेत. पावसाळ्यात त्यांचा संपर्क तुटतो, आजारी माणसाला डोलीत घालून जंगलातून आणावे लागते, आणि स्थलांतर करावे की नाही यावर एकाच घरात दोन मते असतात. परिसंवादाला यापेक्षा भरीव विषय कोणता असतो? त्यात वनखात्याचा अधिकारी हवा, वन्यजीव अभ्यासक हवा, जाऊ इच्छिणारा गावकरी हवा आणि न जाऊ इच्छिणारी गावकरीणही हवी.

हलगा-मच्छे बायपासमध्ये जाणारी पिकाऊ जमीन, निपाणीतल्या विडी कामगार बायकांची मजुरी, मराठी प्राथमिक शाळांतील शिक्षकांची भरती आणि तिथे येणारी फक्त कन्नड परिपत्रके, घटनेच्या अनुच्छेद ३५० अ ने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाबद्दल राज्यावर टाकलेली जबाबदारी आणि ३५० ब खाली नेमल्या जाणाऱ्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे गेलेल्या तक्रारींचे पुढे काय होते, हे सगळे विषय वर्षभर उपलब्ध असतात. त्यांना मुहूर्त लागत नाही.

एक अवघड गोष्ट लिहितो, कारण ती न लिहिता पत्र पुढे नेणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ भाषेच्या वादातून कर्नाटकाच्या बसवाहकाला मारहाण झाली. त्यानंतर कर्नाटकातच महाराष्ट्राच्या एसटी चालकाला काळे फासले गेले आणि एसटीची वाहतूक बंद पडली. मराठी वाहिन्यांवर दुसरी घटना तासन्‌तास दिसली, पहिली ओझरती. कन्नड वाहिन्यांवर नेमके उलटे झाले, हे आम्हाला ठाऊक आहे, कारण आमच्या घरांत दोन्ही लागतात. बेळगावात एकाच गल्लीत राहणारी, एकाच बाजारात उधारी ठेवणारी, एकमेकांच्या लग्नाला जाणारी मराठी आणि कन्नड माणसे त्या आठवड्यात आपापल्या पडद्यावर वेगवेगळे शहर पाहत होती. मिरजेला उपचारासाठी जाणारा रुग्ण, कोल्हापूरला शिकणारी मुलगी, रोज ये-जा करणारा कारागीर यांचे काय हाल झाले, हे कोणत्याच वाहिनीने विचारले नाही. चर्चेत कर्नाटकाची बाजू म्हणून दरवेळी एखाद्या संघटनेचा सर्वांत तापट नेताच का बोलावला जातो? बेळगाव-धारवाडकडे कन्नडमध्ये लिहिणारे विचारी प्राध्यापक आहेत, वकील आहेत, जुने पत्रकार आहेत. त्यांना कन्नडमधून बोलू द्यावे आणि खाली मराठी उपशीर्षके द्यावीत. मराठी नीट येत नसलेल्या पाहुण्याला तोडक्या हिंदीत बोलायला लावून त्याच्या चुकांवर स्टुडिओत हसू फुटते, ते आम्हाला इथे पाहवत नाही. तसाच आमच्या मराठीचा हेल ऐकून काही सूत्रसंचालकांच्या चेहऱ्यावर जे उमटते, तेही दिसते, हे नम्रपणे नोंदवून ठेवतो.

बायकांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. सीमाप्रश्नाच्या आपल्या चर्चेत सीमाभागातील स्त्री पाहुणी म्हणून बसल्याचे मला आठवत नाही. मोर्चातल्या घोषणांच्या चित्रफितीत मात्र त्या असतात.

दीर्घ मुलाखतींची निकड आणखी एका कारणाने आहे. १९५६ मध्ये विशीत असलेली माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत. राज्य पुनर्रचनेपूर्वीचे मुंबई राज्यातले बेळगाव, तेव्हाची कचेरी, शाळा आणि न्यायालयाची भाषा, जानेवारी १९५६ चे ते दिवस, हे पाहिलेले फार थोडे आवाज शिल्लक आहेत. १९८६ च्या आंदोलनाची गोष्ट निघाली की छगन भुजबळ वेशांतर करून बेळगावात कसे शिरले, हा किस्सा आपण आनंदाने पुन्हा पुन्हा सांगता, आणि तो आहेही रंगतदार. परंतु त्या वेळी कर्नाटकाच्या तुरुंगांत गेलेले खेड्यापाड्यातले शेतकरी, त्यांच्या मागे घर सांभाळलेल्या बायका, हुतात्म्यांच्या घरची पुढची पिढी, यांच्या तासा-दीड तासाच्या मुलाखती व्यवस्थित तयारीनिशी घेतल्या गेल्या नाहीत, तर पुढे हा इतिहास अभिवादनाच्या बातमीपुरता उरेल. १९८१ चे निपाणीचे तंबाखू आंदोलन घ्या. शरद जोशींच्या नेतृत्वाखालच्या या लढ्यात मराठी आणि कन्नड शेतकरी महामार्गावर एकत्र बसले होते. भाषेपलीकडच्या त्या एकीविषयी प्रत्यक्ष बसलेल्यांना आज बोलते केले, तर सीमाभागाचे एक वेगळेच चित्र महाराष्ट्राला दिसेल.

हे काम आम्हीच का करत नाही, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर थोडे कायद्यात आहे. केंद्र सरकारच्या धोरणानुसार खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या तशाच्या तशा प्रसारित करता येतात. सामुदायिक रेडिओलाही बातम्या आणि राजकीय स्वरूपाच्या चालू घडामोडींवरचे कार्यक्रम वर्ज्य आहेत, शिवाय त्याची प्रक्षेपण क्षमता शंभर वॉटची, म्हणजे पाच-दहा किलोमीटरच्या आत संपणारी. त्यामुळे शेती, आरोग्य, लोकगीते यांवर स्थानिक रेडिओ चांगले काम करू शकतो, पण शाळा का बंद पडते किंवा जमीन कुणाच्या निर्णयाने गेली, असा प्रश्न अधिकाऱ्याला समोरासमोर विचारायचा झाला तर त्याला मर्यादा येतात. उरते ती आकाशवाणी. सांगली केंद्राच्या अधिकाऱ्यांनी हे पत्र वाचले, तर त्यांनाही विनंती आहे की सीमाभागातील श्रोत्यांसाठी एखादी साप्ताहिक चर्चा जरूर योजावी. रेडिओवर चेहरा दिसत नाही, म्हणून ज्या बायका कॅमेऱ्यासमोर गप्प होतात त्या माइकसमोर मोकळ्या बोलतात, आणि तिथे कुणी ओरडले तर श्रोता सरळ बटण फिरवतो.

आपल्या वाहिन्यांकडून मागणे काय, ते आता नेमके सांगतो. महिन्यातून एकदा चर्चेचा कार्यक्रम स्टुडिओबाहेर काढून सीमाभागातल्या एखाद्या गावात घ्यावा. बीबीसीच्या रेडिओवर १९४८ पासून ‘एनी क्वेश्चन्स’ हा कार्यक्रम गावोगावच्या सभागृहांत फिरतो, तिथले रहिवासी प्रश्न विचारतात आणि मंचावरच्या पुढाऱ्यांना त्यांची उत्तरे द्यावी लागतात. आपल्याला त्याची नक्कल करायची गरज नाही, कारण व्याख्यानमाला आणि शेवटी श्रोत्यांचे प्रश्न ही रीत मराठी गावांत मुरलेली आहे. आपण फक्त कॅमेरा आणायचा आहे. खानापुरात घ्या, येळ्ळूरला घ्या, निपाणीत घ्या, आणि बेळगाव म्हणजेच सगळा सीमाभाग असे न मानता एकदा बिदर जिल्ह्यातल्या भालकीला आणि एकदा कारवारलाही जा, कारण घोषणेत ती नावे आपण रोज घेतो आणि तिथला माणूस पडद्यावर वर्षानुवर्षे दिसत नाही. मंचावर तीनच पाहुणे ठेवा, त्यांतला एक कन्नड बोलणारा असू द्या, एक स्त्री असू द्या. सूत्रसंचालकाने आदल्या दिवशी येऊन गावात फिरावे. प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्याचा माइक त्याचे वाक्य संपेपर्यंत काढून घेऊ नये.

याला प्रेक्षक मिळणार नाही, टीआरपी पडेल, जाहिरातदार विचारतील, ही आपली अडचण मी खोटी मानत नाही. बाहेरचे चित्रीकरण महाग पडते आणि भांडण स्वस्तात होते. तरी दोन गोष्टी लक्षात आणून देतो. आपल्या वाहिन्यांवरचे जे जुने दीर्घ संवाद यूट्यूबवर आजही ऐकले जातात, त्यांत त्या दिवशीची भांडणे फारशी नसतात. एखाद्या शास्त्रज्ञाशी, कलावंताशी, कार्यकर्त्याशी निवांत केलेल्या गप्पा असतात. आणि दुसरे म्हणजे, भांडणाची किंमत स्टुडिओ भरत नसला तरी कुणीतरी भरतच असते. आपली चर्चा रात्री दहाला संपते, आणि तिच्यातला एखादा वीस सेकंदांचा तुकडा कापून दोन्ही भाषांतल्या मोबाइलवर रातोरात फिरतो. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या आवारात, रिक्षा थांब्यावर, एसटीच्या खिडकीपाशी त्याचे जे होते ते निस्तरायला आम्हीच असतो.

प्रसारणात काही चुकीचे बोलले गेले, तर वाहिनीकडे आणि पुढे निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील नियामक मंडळाकडे तक्रार करण्याची सोय आहे, हे मी जाणतो. परंतु जो प्रश्न विचारलाच गेला नाही आणि जो माणूस बोलावलाच गेला नाही, त्याची तक्रार नोंदवायला कोणताही अर्ज नाही. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहावे लागले.

पहिल्या कार्यक्रमासाठी आपण जुलै-ऑगस्ट निवडावा असे सुचवतो. तेव्हा ना काळा दिन असतो ना अधिवेशन, पोलिसांचा बंदोबस्त नसतो, परवानगी मिळणे त्यातल्या त्यात सोपे जाते, आणि भीमगडच्या गावांविषयी बोलायचे तर पावसाळाच बघायला हवा. सभागृह, श्रोते आणि पाहुण्यांशी पूर्वसंपर्क यांची व्यवस्था इथली वाचनालये आणि मंडळे आनंदाने करतील. सूत्रसंचालक कोण येणार आणि ते आदल्या दिवशी किती वाजता पोहोचणार, एवढे आम्हाला आठवडाभर आधी कळवावे.

आपला,
सीमाभागातील एक प्रेक्षक
बेळगाव